सिग्माची मेंबरशिप आत्ताच घ्यायची का?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून ग्रामीण रुग्णालयात लागली असशील, तर एवढ्यात सिग्माच्या मागे लागू नको बाई. 1922 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात सुरू झालेल्या नर्सिंगच्या या मानाच्या संस्थेत नोकरीतल्या नर्सला किमान पदवी लागते. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी कर. सरकारी भरतीत सिग्मा नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी बघतात. नूतनीकरण राहिलं की कागदपत्र तपासणीतच गाडी अडते.

सिग्माचा खरा उपयोग संशोधनाला आणि शिकवण्याला: अनुदान, परिषदा, ओळखी. गडचिरोलीकडे सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट रोज दिसतात. दुखणं कधी उठलं, वेदना दहापैकी किती, ऑक्सिजन किती, त्यावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकली का, हे वहीत तारखेनिशी लिहीत जा. त्यावर चांगला पेपर होतो. फक्त एथिक्स कमिटीची (संशोधन पेशंटच्या हिताला धरून आहे का हे बघणारी समिती) परवानगी आधी घे, नंतर मिळत नाही.