व्हिडिओ बातमी जास्त परिणामकारक की लिहिलेली? पत्रकारिता शिकताना कशावर भर द्यावा?

लिहिण्यावर.

मी पुण्यात एका मराठी दैनिकात बातमीदार आहे. २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा मी आणि चॅनेलमध्ये गेलेला माझा जुना सहकारी एकाच गल्लीत उभे होतो. त्याला बोट मिळाली, बोटीतल्या आजी मिळाल्या, दिवसभर तेच व्हिज्युअल फिरत राहिलं. संध्याकाळी मला म्हणाला, "तू आता काय लिहिणार? लोकांनी सगळं पाहिलंय."

काय पाहिलं होतं? पाणी!

ते ओसरल्यावर मी तळमजल्यावरच्या एका घरात गेलो. फ्रिज आडवा पडलेला, डब्यातला गहू फुगून बाहेर आलेला, स्विचबोर्डाच्याही वर चिखलाची रेघ. काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवरचे पहाटेचे मेसेज दाखवले. 'पार्किंगमध्ये पाणी', 'गाड्या काढा', 'लाइट गेली'. प्रत्येकाखाली वेळ. आणखी इमारतींतले असेच मेसेज गोळा केले आणि विसर्ग कधी, किती वाढवला याच्या वेळांशेजारी मांडून चौकट केली. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता, म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. हा हिशेबही दिला, कारण नुसतं क्युसेक लिहिलं की वाचक पुढे सरकतो. इशारा वेळेत मिळालाच नाही, असं रहिवासी म्हणत होते. ते आता कुणालाही ताडून पाहता येत होतं. पुढे सोसायटीने निवेदनाला तेच कात्रण जोडलं.

१९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यात टीव्ही नव्हता, तरी १२ जुलैला काय काय घडलं ते आजही वाचायला मिळतं.

आता दुसरी बाजू. पुढाऱ्याने 'मी असं बोललोच नाही' म्हटलं की बाइटच, म्हणजे त्याच्या बोलण्याची रेकॉर्ड केलेली क्लिपच, कामाला येतो. बोटीतल्या आजींचा चेहराही मला लिहून दाखवता आला नसता. तेव्हा शूटिंग, एडिटिंग शिकाच. पण पीटीसीची, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलायची, चार वाक्यं आधी कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे 'कधी घडलं, कोणी सांगितलं' हे लिहा. ते लिहिता येत नसेल तर वाक्य काढून टाका. माझा सहकारी म्हणतो, एवढं बघायला लोकांना वेळ नसतो. साफ चूक. एकतानगरीतले लोक ती चौकट मोबाइलवर मोठी करून आपापल्या इमारतीची ओळ शोधत होते.