दादा गणपतीला गावी आलाय आणि दारू सोडायची म्हणतोय. उपचार विसर्जनानंतर सुरू करावेत का?

नाही, तो स्वतः तयार आहे तर आजच डॉक्टरकडे न्या. विसर्जनानंतर तो मुंबईच्या एसटीत असेल. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, सिंधुदुर्गात ओरोसचं जिल्हा रुग्णालय. सुट्टीमुळे ओपीडी बंद असली तरी तातडीचा विभाग चालू असतो. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

घाई करायला सांगतोय त्याचं कारण वेगळंच आहे. "घरात बाप्पा आहे, पाच दिवस शिवायची नाही" असं ठरवून रोज पिणारा माणूस एकदम थांबतो. मग ६ ते २४ तासांत घाम, उलट्या, झोप उडणं, आरतीचं ताट धरताना हात थरथरणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम: नसलेली माणसं दिसतात. घरचे "बाहेरचं काहीतरी" समजून गाऱ्हाणं घालायला धावतात. गाऱ्हाणं खुशाल घाला, पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा, कारण यात जीवही जातो. दवाखान्यात गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हेच दिवस सुखरूप पार पडतात.

तो अधूनमधूनच पीत असेल, सकाळी हात थरथरत नसतील, पूर्वी कधी फिट आली नसेल, तर गौरी उरकून गेलात तरी चालेल. जेवणातून चोरून 'दारू सोडवायचं औषध' मात्र अजिबात देऊ नका. वरून तो प्यायला तर जिवावर बेतेल.