इंग्रजी मुलखातील स्पॅनिश आकाशवाणी

प्रश्न : परभणी आकाशवाणीवरील लोकगीते ऐकत आमची पिढी वाढली. टेक्सासला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या गाडीत मात्र दिवसभर स्पॅनिश गाण्यांचे केंद्र लागलेले असते. इंग्रजी मुलखात अशी केंद्रे उभी कशी राहिली?
— एक वाचक, सेलू

उत्तर : त्यांचा आरंभ विकत घेतलेल्या वेळेवर झाला. पहाटेच्या प्रहराला इंग्रजी केंद्रांकडे जाहिरातदार फिरकत नसत. तो वेळ स्पॅनिश निवेदक स्वस्तात घेत, त्यात गाणी लावत आणि दुकानदारांच्या जाहिराती स्वतः गोळा करून खर्च भागवत. शेतावर निघालेला मजूर नेमका तेव्हाच जागा असे, त्यामुळे इतरांना नकोसा असलेला हा वेळ त्यांच्या पथ्यावर पडला. (ऊसतोडीला अंधारातच बाहेर पडणाऱ्या बीडकडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.) लॉस एंजेलिसमध्ये पेद्रो गोन्सालेस यांचा पहाटेचा कार्यक्रम असाच गाजला.

स्पॅनिश भाषकाच्या स्वतःच्या मालकीचे, पूर्णवेळ स्पॅनिश असे अमेरिकेतील पहिले केंद्र म्हणून टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराच्या ‘केसीओआर’चा उल्लेख होतो. ते १९४६ साली सुरू झाले आणि त्याच्या नावातील शेवटची तीन इंग्रजी अक्षरे (सी-ओ-आर) मालक राऊल कोर्तेझ यांच्या आडनावातून आली. मेक्सिकोत जन्मलेले कोर्तेझ आधी स्पॅनिश वृत्तपत्रात बातमीदार होते. महायुद्धाच्या काळात परवाना मागताना, मेक्सिकन वंशाच्या लोकांना युद्धकार्यात सामील करून घेता येईल, असे कारण त्यांनी पुढे केले. त्यात त्यांचे व्यवहारचातुर्य दिसते. १९५५ साली त्यांनी त्याच शहरात स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्रही सुरू केले.