पॉइंट टू-टू पिस्तुलात तिसरी-चौथी गोळी अडकते. मॅगझिन आतून घासून पॉलिश केलं तर फरक पडेल का?

पडेल, पण मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीच्या, आत नेमकं कुठे अडतंय ते आधी सापडलं तर. नुसतं चकचकीत करून काही होत नाही. तुम्ही लिहिलंय की दोन मॅगझिनपैकी एकाच मॅगझिनला हा त्रास आहे आणि तिसरी किंवा चौथी गोळी नाक खाली करून चेंबरच्या (नळीच्या ज्या भागात गोळी बसते त्याच्या) तोंडाशी थांबते. या दोन गोष्टी तुम्ही टिपून ठेवल्यात, तिथेच अर्धं काम झालंय.

मी बरीच वर्षं २५ मीटर पिस्तूल खेळले, आता रेंजवर ज्युनिअर मुलामुलींची पिस्तुलं बघते. माझ्यावर हा प्रसंग एका स्पर्धेत आला होता. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट गोळी मारायच्या टप्प्यात, टार्गेट ३ सेकंद समोर असतं, ७ सेकंद वळलेलं, आणि हात ४५ अंशांत खाली. दोन गोळ्या दहात गेल्या. तिसऱ्यांदा हात वर आला, ट्रिगर दाबला आणि काहीच नाही. पिस्तूल टार्गेटकडेच ठेवून दुसरा हात वर केला आणि अधिकारी येईपर्यंत तशीच उभी राहिले. मालफंक्शन (पिस्तुलाचा बिघाड) मान्य झालं, पुन्हा संधीही मिळाली, पण त्यानंतर प्रत्येक गोळीच्या वेळी निम्मं लक्ष पिस्तुलाकडे होतं. त्या दिवसापासून मी मॅगझिनला हलक्यात घेत नाही. (तुमच्यावर असं आलं तर एक लक्षात ठेवा: अधिकाऱ्याने बघण्याआधी पिस्तूल उघडायचं नाही, सेफ्टीला हात लावायचा नाही. नाहीतर खरं मालफंक्शनसुद्धा नामंजूर होतं.)

आता मुळाशी येऊ. पॉइंट टू-टू लाँग रायफल ही गोळी १८८७ सालची. तिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पुंगळीचा (दारू भरलेल्या नळीचा) व्यास साधारण ५.७ मिमी, कडेचा ७ मिमीच्या आसपास. रायफलीत आणि रिव्हॉल्व्हरमध्ये ही कड सोयीची, कारण गोळी तिच्यावरच टेकते. पण पेटीत एकावर एक रचायच्या गोळ्यांना ती आडवी येते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे गेली की दोघी एकमेकींत अडकतात. त्यात आपल्या मॅच (स्पर्धेच्या) गोळीचं शिसं उघडं, मऊ आणि मेणासारख्या वंगणाने माखलेलं. ते वंगण, शिशाची भुकटी आणि दारूची काजळी मिळून मॅगझिनच्या आत चिकट थर बसतो. बोल्ट (गोळीला चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) मागून पुढे येतो तेवढ्या क्षणात स्प्रिंगने पुढची गोळी वर आणून ठेवायची असते. फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगवर बसून गोळ्यांना वर ढकलणारा तुकडा, वाटेत जरासा जरी रेंगाळला तरी गोळी अर्धवट वर येते, बोल्ट तिला ढकलतो आणि नाक खाली आपटतं. तुमचं नेमकं हेच होतंय.

कितवी गोळी अडते यावरून बरंच कळतं. पहिलीच अडत असेल तर बहुतेक भरताना कडा उलटसुलट बसल्या आहेत. शेवटची अडत असेल तर स्प्रिंग दमली आहे. तिसरी-चौथीच नेहमी अडत असेल तर वाटेत ठरावीक जागी फॉलोअर घासतोय, आणि पॉलिशचा उपयोग होतो तो इथेच. रिकामी पुंगळी बाहेर पडत नसेल तर मात्र मॅगझिनला दोष देऊ नका, तो एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा) किंवा घाण झालेल्या चेंबरचा विषय.

सगळ्यात आधी दोन्ही मॅगझिनांवर मार्करने आकडे टाका. मग फक्त मॅगझिन घरी आणा, या कामाला पिस्तूल लागत नाही. क्लबचं असेल तर कोचला विचारल्याशिवाय हात लावू नका. तळाचं झाकण काढताना अंगठा स्प्रिंगवर दाबून धरा, ती उडते. बाहेर काढण्याआधी स्प्रिंगचं वरचं टोक कुठल्या बाजूला आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, परत जोडताना हमखास गोंधळ होतो. पेटी लोखंडी असेल तर थोड्या रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने धुवा, प्लास्टिकची असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने. पूर्ण सुकवा, जोडा आणि रेंजवर पुन्हा तपासा. बऱ्याच वेळा गोष्ट इथेच मिटते आणि पॉलिश पेपरची गरजच पडत नाही.

नाही मिटली तर जागा शोधा. मी करते ते सांगते. रिकाम्या मॅगझिनमध्ये पेन्सिलीच्या मागच्या टोकाने फॉलोअर तळापर्यंत दाबायचा आणि अगदी सावकाश वर येऊ द्यायचा. डोळे मिटून केलं तर आणखी चांगलं, कारण अडखळ बोटाला आधी कळते. माझ्या त्या मॅगझिनचा फॉलोअर निम्म्या उंचीवर येऊन थबकायचा आणि टक् करून उडी मारायचा. मग फॉलोअरच्या चारी बाजूंना निळा मार्कर फासायचा, वाळू द्यायचा आणि पंचवीस-तीस वेळा खालीवर करायचं. सुटं केल्यावर जिथला निळा रंग निघालेला दिसेल तीच तुमची जागा. माझ्याकडे डाव्या बाजूला, फॉलोअरचं बटण ज्या खाचेतून सरकतं तिच्या काठाला रंग गेला होता. पत्रा कापताना राहिलेलं कुसळ, वर्कशॉपमध्ये ज्याला बर म्हणतात ते, नखाला लागत होतं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

घासायचं ते फक्त हे कुसळ. आइस्क्रीमच्या लाकडी काडीवर ६०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा, पाण्याचा थेंब घ्या आणि फॉलोअर ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवा. आडवं घासलं तर बारीक रेघा पडतात आणि फॉलोअर त्यांच्यावरच खडखडतो. आठ-दहा हात मारून नखाने बघा, मग १०००, मग १५००. शेवटी कापडावर जरासं ब्रासो घेऊन फिरवा आणि ते पूर्ण धुऊन काढा. फॉलोअर प्लास्टिकचा असेल तर त्याच्या जोडाची शिवण १००० नंबरने अलगद उतरवा, एवढंच. कानस नको आणि फिरता ग्राइंडर तर अजिबात नको. तुम्हाला धातू कमी करायचा नाहीये, त्याला गुळगुळीत करायचंय.

आता ज्यासाठी एवढं लांबलचक उत्तर लिहायला बसले ते सांगते. मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांना, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वळलेल्या काठांना, हात लावू नका. गोळी किती उंच बसणार, कुठल्या कोनात बसणार आणि बोल्टने ढकलल्यावर कधी सुटणार हे ते ओठ ठरवतात. घासून पातळ केले किंवा पक्कडीने वाकवले की आज एक गोळी अडते तिथे उद्या सगळ्या अडतील, आणि ते मॅगझिन पुन्हा पूर्ववत होत नाही. एका मुलाच्या वडिलांनी प्रेमापोटी असं केलेलं मी बघितलंय. नवं मॅगझिन परदेशातून येईपर्यंत मुलाचा अख्खा सीझन उसन्या पिस्तुलावर गेला. संशय असेल तर चांगल्या आणि वाईट मॅगझिनच्या ओठांमधलं अंतर व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा आणि आकडे लिहून आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) जा.

स्प्रिंगही ताणून लांब करू नका. चार दिवस बरं वाटतं, मग ती आणखी ढिली पडते. नवीच घ्या. बोल्ट, चेंबर आणि गोळी ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढते तो भाग हे सगळं परवानाधारक आर्मररचं काम. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दुरुस्तीच्या कामाला परवाना लागतो, तो नियम म्हणून पाळाच, पण त्या उतारावर चुकलेला एक हात पिस्तूल कायमचं बिघडवू शकतो, हेही कारण तेवढंच मोठं आहे.

तेलाबद्दल नेहमी विचारतात. घासलेल्या जागेचं ब्लूइंग (गंज रोखणारा काळसर थर) गेलेलं असतं आणि आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात तिथे दोन दिवसांत गंज धरतो. म्हणून तेलाचं बोट फिरवा आणि मग कोरड्या कापडाने इतकं पुसा की बोटाला ओलं लागणार नाही. ओल्या तेलावर काजळी चिकटते आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा पहिल्या जागी येता. भरतानाही घाई नको. प्रत्येक गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसली का ते बोटाने चाचपा.

मग रेंजवर त्याच मॅगझिनमधून, त्याच ब्रँडच्या १०० गोळ्या पाच-पाचच्या सिरीजमध्ये मारा आणि अडली तर कितवी ते वहीत लिहा. माझ्या त्या मॅगझिनला यानंतर तिसरी गोळी कधी अडली नाही, अजूनही ते ज्युनिअर मुली वापरतात. तुमच्याकडे अडलीच तर पिस्तुलाची दिशा न बदलता, कोचच्या समोर, अडलेल्या गोळीचा जवळून फोटो घ्या आणि इथेच टाका. नाक किती खाली आहे आणि कड बोल्टच्या पुढे आहे की खाली, एवढं दिसलं तरी पुढचं सांगता येईल.