ट्रंकेतले कागद आणि वारसांचे पैसे

वाचकांचे प्रश्न

मागच्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. घरातले माणूस गेले, मागे पासबुके, पावत्या आणि शेअरचे कागद राहिले, आणि पुढे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांतली निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. गावांची नावे ठेवली आहेत, पत्रलेखकांची गाळली आहेत.

वडील 2011 साली वारले. ट्रंकेत युनायटेड वेस्टर्न बँकेचे पासबुक, एका नागरी सहकारी बँकेचे पासबुक आणि एका पतसंस्थेची ठेव पावती सापडली. युनायटेड वेस्टर्न तर आता अस्तित्वातच नाही. पैसे बुडाले म्हणायचे का? (कराड)

नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली, त्यामुळे तिची खाती आता आयडीबीआयकडे आहेत. सांगली बँकेची खाती 2007 पासून आयसीआयसीआयकडे आहेत, देना आणि विजया बँकेची 2019 पासून बँक ऑफ बडोदाकडे. जुने पासबुक हाती आले की पहिला शोध घ्यायचा तो त्या बँकेचे पुढे काय झाले याचा.

खात्यात 10 वर्षे व्यवहार झाला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. मुदत ठेवीच्या बाबतीत ही 10 वर्षे मुदत संपल्यापासून मोजतात. पैसे निधीत गेले तरी वारसांचा हक्क जात नाही आणि त्याला कालमर्यादाही नाही. अर्ज मात्र रिझर्व्ह बँकेकडे करायचा नसतो. तो बँकेच्या शाखेतच द्यायचा. बँक आधी तुम्हाला पैसे देते आणि मग निधीकडून वसूल करते. व्याजाच्या खात्यावर निधीतल्या काळाचे व्याजही मिळते. सुरुवातीला ते 4 टक्के होते, जुलै 2018 पासून साडेतीन आणि 11 मे 2021 पासून 3 टक्के झाले, तेही सरळ व्याज.

शोधासाठी रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' पोर्टल ऑगस्ट 2023 पासून आहे. स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदणी करा, खातेदाराचे नाव आणि बँक निवडा. त्यासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र क्रमांक किंवा जन्मतारीख यांपैकी एक द्या. यातले काहीच नसेल तर पत्ता चालतो. इथे बहुतेक जण एकदाच शोधून थांबतात, आणि तिथेच चुकतात. जुन्या खात्यात पॅन जोडलेला नसतो, त्यामुळे नाव आणि पत्ता यावरच भर द्यावा लागतो. आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, 'दत्तात्रय'ची इंग्रजी स्पेलिंगे जेवढी सुचतील तेवढी, असे सगळे प्रकार करून पाहा. खाते सापडले की एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो शाखेत न्यायचा.

उद्गमवर 30 बँकाच आहेत. नागरी सहकारी बँकेसाठी तिच्या संकेतस्थळावरची दावा न झालेल्या ठेवींची यादी पाहा किंवा सरळ शाखेत जा. बँक अवसायनात गेली असेल, म्हणजे बंद करून तिचा हिशेब मिटवला जात असेल, तर ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे दावा करावा लागतो. ठेव विमा सध्या एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाखांपर्यंत आहे, 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी तो 1 लाखच होता. पतसंस्था ही बँक नव्हे. तिथे ना हा विमा, ना रिझर्व्ह बँकेचा निधी. पतसंस्था बंद असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जाऊन अवसायक कोण आहे ते विचारा.

नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार सोप्या पद्धतीची मर्यादा बँकांसाठी किमान 15 लाख आणि सहकारी बँकांसाठी 5 लाख आहे. मर्यादेच्या आत वारसा प्रमाणपत्र लागत नाही. दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्र, हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र, आणि कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचे वारसांविषयीचे लेखी निवेदन एवढ्यावर काम होते. कागद पुरे झाल्यापासून 15 दिवसांत निकाल लागला पाहिजे.

आता जिथे सगळ्यात जास्त प्रकरणे अडकतात ते सांगतो. तुमच्या पत्रात आजी 2015 पर्यंत हयात होत्या असे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर आई हीसुद्धा पहिल्या वर्गाची वारस आहे. म्हणजे 2011 साली तुमच्या आई, तुम्ही दोघे भाऊ, बहीण आणि आजी असे पाच जण, प्रत्येकी पाचवा हिस्सा. आजी गेल्यावर त्यांचा पाचवा हिस्सा त्यांच्या सगळ्या मुलांकडे गेला, त्यात आत्याही आल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचे वडील, आधीच वारले असल्याने त्यांच्या वाट्याला तुम्ही भावंडे. म्हणून आत्यांची सही लागेल. 'त्यांचा काय संबंध' म्हणून नाव वगळलेत तर खोटी माहिती दिल्याचा ठपका तुमच्या नावावर राहील. वारसांची यादी खरी असणे हे या सगळ्या कामाचे मूळ आहे, आणि त्यातून बहिणी आणि आत्याच वगळल्या जातात, हे वाईट आहे.

आईच्या नावे टेल्कोचे 50 शेअर आहेत, 1980च्या दशकातले कागदी. प्रमाणपत्रावर तिचे माहेरचे नाव आहे. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. आई 2009 मध्ये गेली. (नाशिक)

टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. 2011 मध्ये 10 रुपयांच्या एका शेअरचे 2 रुपयांचे पाच झाले, म्हणजे तुमचे 50 चे 250. बोनस मिळाला असल्यास तो वेगळा. 2025 मध्ये कंपनी प्रवासी आणि व्यावसायिक वाहने अशा दोन भागांत विभागली गेली, तेव्हा चौकशी दोन्ही कंपन्यांकडे करावी लागेल. प्रमाणपत्रावर जो आकडा छापला आहे तो आजचा आकडा नसतो, म्हणून कागद जुना म्हणून टाकून देऊ नका.

सलग 7 वर्षे लाभांश उचलला गेला नाही, तर तो लाभांश आणि ते शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे, वळते होतात. तुमच्या बाबतीत तसे झालेले असण्याची शक्यता मोठी आहे. निधीच्या संकेतस्थळावर नाव किंवा फोलिओ क्रमांक, म्हणजे प्रमाणपत्रावरचा भागधारकाचा खाते क्रमांक, घालून पाहता येते.

क्रम असा ठेवा. आधी तुमच्या नावे डीमॅट खाते, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचे खाते, उघडा, कारण शेअर आता कागदावर परत मिळत नाहीत. मग कंपनीच्या रजिस्ट्रारला, ज्याला आरटीए म्हणतात, फोलिओ क्रमांक देऊन पत्र लिहा आणि शेअर कुठे आहेत ते लेखी विचारा. शेअर अजून कंपनीकडेच असतील तर आयएसआर-5 हा वारसांसाठीचा अर्ज आणि केवायसीसाठी आयएसआर-1 व 2 भरायचे. कागदी शेअरची किंमत एका कंपनीमागे 5 लाखांपर्यंत असेल तर नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत पुरते. डीमॅटमधल्या शेअरसाठी ही मर्यादा 15 लाख आहे. त्यापुढे दिवाणी न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र किंवा, महाराष्ट्रात, 1827 च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला लागतो.

शेअर निधीकडे गेले असतील तर याच कागदांवर कंपनीकडून हक्काचे पत्र, म्हणजे एन्टायटलमेंट लेटर, घ्या. त्यानंतर आयईपीएफ-5 अर्ज ऑनलाइन भरा. त्याची प्रत, पोचपावती, हमीपत्र, मूळ प्रमाणपत्र, डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद), आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक असा संच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवा. कंपनीने 30 दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा असतो. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच अर्ज करता येतो, म्हणून लाभांश आणि शेअर एकाच अर्जात मागा. लाभांश आधी मागून मोकळे झालात तर शेअरसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागेल.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रातल्या बायकांच्या बाबतीत हमखास येतो, कारण आपल्याकडे सासरी पहिले नावसुद्धा बदलत असत. दोन्ही नावे एकाच कागदावर असलेला पुरावा शोधा. विवाह नोंदणीचा दाखला असला तर उत्तम. जुन्या लग्नांची नोंदणी बहुधा नसते, अशा वेळी राजपत्रातली नावबदलाची नोंद, पेन्शनचे किंवा नोकरीचे सेवापुस्तक, बँकेचा जुना खातेउतारा असे कागद जोडून 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र द्या. मृत्यू दाखल्यावरचे नाव तिसरेच निघाले तर आधी तो दाखला महापालिकेत दुरुस्त करून घ्या. अर्ज नाकारले जातात ते मुख्यतः या नावांमुळे. दुसरे कारण म्हणजे क्लायंट मास्टर लिस्टवर डीमॅट संस्थेचा शिक्का नसणे.

एका संस्थेचा फोन आला: 'तुमच्या आजोबांचे मोठे शेअर सापडलेत, 25 टक्के दिलेत तर काढून देतो.' कंपनीचे नाव सांगत नाहीत. (ठाणे)

त्यांनी ही माहिती बहुधा कंपन्यांच्या सार्वजनिक याद्यांतूनच घेतली असणार. तुम्हीही तीच यादी आयईपीएफच्या शोधात फुकट पाहू शकता. आजोबांचे पूर्ण नाव, गाव आणि जुना पत्ता घेऊन तासभर बसा. कागद फार गुंतागुंतीचे असतील तर मदतनीस घेण्यात गैर काही नाही, पण फी रक्कम हाती आल्यावर, ठरलेल्या आकड्यात आणि लेखी. मूळ प्रमाणपत्र, कुलमुखत्यारपत्र आणि ओटीपी यांपैकी एकही गोष्ट देऊ नका. 'प्रोसेसिंग'च्या नावाने आगाऊ पैसे मागितले तर तिथेच थांबा.

आजोबांची आयुर्विमा पॉलिसी होती. कागद हरवला. 12 वर्षे झाली. (सोलापूर)

एलआयसीच्या संकेतस्थळावर दावा न झालेल्या रकमांच्या शोधात नाव आणि जन्मतारीख घालून पाहा. 10 वर्षांनंतर अशा रकमा केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, पण तिथे गेल्यावरही 25 वर्षे दावा करता येतो आणि तो विमा कंपनीकडेच करायचा असतो. हप्त्याची जुनी पावती किंवा बँक पासबुकातली वजावट सापडली तर शाखा कोणती हे कळते.

वडिलांनंतर सातबाऱ्यावर आमची नावे लावायची आहेत. बहिणी तलाठ्यासमोर 'हिस्सा नको' असा जबाब द्यायला तयार आहेत. (बारामती)

जबाबाने बहिणींचा हिस्सा जात नाही आणि तुमचा होत नाही. वारसनोंद सगळ्यांच्या नावाने करा. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर द्यायचा. गाव नमुना 6-क मध्ये वारस नोंदले जातात, मग फेरफार धरला जातो आणि 15 दिवस हरकतींसाठी ठेवतात. त्यानंतर बहिणींना मनापासून हक्क सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. भावाच्या नावे केलेल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र असते. सही करण्याआधी बहिणींना जमिनीचा आजचा भाव सांगा, हे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

आत्याबाईंना मूल नव्हते. त्यांची 9 लाखांची ठेव बँकेने नॉमिनी म्हणून माझ्या धाकट्या भावाला दिली. आम्हा सगळ्या वारसांना ती गावच्या वाचनालयाला द्यायची आहे. भाऊ म्हणतो, पैसे माझे, देणगी माझ्या नावे. (रत्नागिरी)

बँकेच्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 च्या निकालात हेच सांगितले आहे. तेव्हा आधी सगळ्या वारसांचे संमतिपत्र करा. त्यात कोणाचा किती हिस्सा आणि तो वाचनालयाला द्यायला त्याची संमती हे लिहा. एखादा वारस अल्पवयीन असेल तर त्याचा हिस्सा बाजूला काढून त्याच्या नावे ठेवा. पालकाला तो दान करण्याचा अधिकार नाही.

मग वाचनालयाकडे वळा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक, पॅन आणि मागच्या 3 वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. विश्वस्तांत बदल झाले असतील तर ते बदल अर्ज मंजूर झाले आहेत का तेही विचारा. पुष्कळ जुन्या संस्थांत वारलेले विश्वस्तच कागदावर असतात आणि मग बँक खाते चालवण्यावरून देणगी अडकते. आत्याबाईंचे नाव राहावे असे वाटत असेल तर देणगीपत्रात 'कायम निधीसाठी, केवळ व्याज पुस्तक खरेदीसाठी' असे स्पष्ट लिहा आणि विश्वस्त मंडळाचा स्वीकाराचा ठराव घ्या. नुसते 'देणगी' म्हणून दिलेत तर पैसे रंगकामात गेले तरी तक्रार करता येणार नाही.

रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी ज्याच्या त्याच्या खात्यातून. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. शेअर दान केले तरी ती मिळत नाही, कारण सवलत पैशांच्या देणगीलाच असते. जमीन द्यायचा विचार असणाऱ्यांसाठी एक सूचना: शेतजमीन बिगरशेतकरी संस्थेला देण्यास कूळकायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. ती नसताना केलेले दानपत्र संस्थेलाच गोत्यात आणते.

मला सगळी मालमत्ता अनाथालयाला द्यायची आहे. पत्नी आणि दोन मुले आहेत. (फोंडा, गोवा)

गोव्यात सगळी देता येत नाही. लग्न करताना वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे अर्धी आधीच पत्नीची. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, आणि जो उरतो तेवढाच इच्छापत्राने हव्या त्याला देता येतो. एकूण 40 लाख धरले तर 20 पत्नीचे, 10 मुलांसाठी राखीव आणि 10 अनाथालयाला. इच्छापत्रात त्याहून जास्त लिहिलेत तर मुलांच्या मागणीवर जादा भाग कापला जाईल. इच्छापत्र गोव्यातल्या विशेष नोटरीपुढे (स्पेशल नोटरी) करा आणि अनाथालयाचे नोंदणीतले पूर्ण नाव, क्रमांक व पत्ता घाला. ती संस्था तोवर बंद पडली तर रक्कम कोणाला, तेही त्याच इच्छापत्रात लिहा.