ब्राह्म, ब्राह्मो की ब्राम्हो?

प्रश्न असा आला आहे : राममोहन रॉय यांच्या समाजाचे नाव पाठ्यपुस्तकांत ‘ब्राह्मो समाज’, जुन्या मराठी लेखनात ‘ब्राह्मसमाज’ आणि मोबाइलवर ‘ब्राम्हो समाज’ असे दिसते. यातले बरोबर कोणते, आणि त्याचा ब्राह्मण जातीशी संबंध आहे का?

दुसरा भाग आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर थेट पाणिनीनेच देऊन ठेवले आहे. ‘ब्रह्मन्’ला तद्धित प्रत्यय (नामापासून नवा शब्द करणारा प्रत्यय) लागून दोन रूपे होतात. जात अभिप्रेत असेल तर ‘ब्राह्मण’, नसेल तर ‘ब्राह्म’. सूत्रच आहे : ‘ब्राह्मोऽजातौ’. ब्राह्म मुहूर्त, ब्राह्म विवाह यांतला ‘ब्राह्म’ तो हाच. म्हणजे ब्राह्म समाज हा ब्रह्माची, निर्गुण निराकार परमेश्वराची उपासना करणाऱ्यांचा. (सूत्रातला ‘ब्राह्मो’ हा विसर्गसंधीचा ओकार आहे, त्याला ‘ब्राह्मो समाज’चा पुरावा मानू नये.)

मग ओकार आला कुठून? बंगाली उच्चारातून. बंगालीत लिहितात ‘ब्राह्म’च. पण शब्दाच्या शेवटी जोडाक्षर असेल तर तिथला अ सहसा टिकतो आणि ओकडे झुकतो, एकटे व्यंजन असेल तर तो बहुधा गळतो. म्हणून बंगाली माणूस साधारण ‘ब्राम्हो शोमाज’ म्हणतो. इंग्रजांनी पहिला शब्द कानाने टिपला, दुसरा संस्कृत वळणाने लिहिला, आणि ती खिचडी इंग्रजी पुस्तकांतून मराठीत आली. उच्चारच पाळायचा तर ‘शोमाज’ही लिहावे लागेल आणि समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांना ‘केशोबचोंद्रो’ करावे लागेल. तसे कोणी करत नाही. ‘ब्राह्मो’ आता रूढ आहे, परीक्षेत त्याला चूक धरू नये. स्वतः लिहिताना मात्र ‘ब्राह्म’ लिहावे.

‘समाज’ शब्दाचीही इथे गंमत आहे. अमरकोश सांगतो, पशूंचा तो ‘समज’, इतरांचा ‘समाज’. मूळ अर्थ जमाव, मेळावा. अशोकाने गिरनारच्या शिलालेखात ‘समाज’ भरवू नयेत असे म्हटले आहे, ते मेळाव्यांबद्दल. १८२८ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली ब्राह्म सभाही आधी उपासनेचा मेळावाच होती. यावे, वेदपाठ व प्रवचन ऐकावे, ब्रह्मसंगीत ऐकावे, घरी जावे. सभासद असा कोणी नव्हता. १८४३ मध्ये देवेंद्रनाथ ठाकूर यांनी वीस जणांसह प्रतिज्ञापूर्वक दीक्षा घेतली, तिथून ‘समाज’ म्हणजे दीक्षित सभासदांची संस्था झाली. संस्था झाली म्हणून फूटही पडू शकली : १८६६ मध्ये केशवचंद्रांचा भारतवर्षीय ब्राह्म समाज वेगळा झाला, तर १८७८ मध्ये केशवचंद्रांनी आपल्या अल्पवयीन मुलीचा कूचबिहारच्या राजाशी विवाह लावून दिला त्यावरून साधारण ब्राह्म समाज. यातला ‘साधारण’ म्हणजे सर्वांचा, सामान्य दर्जाचा नव्हे.

संस्था या अर्थाचा ‘समाज’ मुंबई-पुण्यातही रुजला. १८४९ च्या सुमारास परमहंस ‘सभा’ होती. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज, १८७५ मध्ये मुंबईतच आर्य समाज. आज ‘माळी समाज’, ‘मराठा समाज’ म्हणताना आपल्याला जात अभिप्रेत असते. तोच अर्थ मनात धरून वाचले की ‘आर्य समाज’ ही जमात वाटू लागते आणि ‘ब्राह्म समाज’ ही जात.

लिहिताना घोटाळा होतो तो ‘ह्म’चा. बोलताना आपण म आधी उच्चारतो, ‘ब्राम्हण’, ‘ब्रम्ह’. प्राकृतातही ‘बम्हण’च आहे, तेव्हा जिभेचा दोष नाही. लेखनात मात्र ह आधी. टंकताना क्रम ह, हलन्त, म असा ठेवावा. म आधी टंकला तर ‘म्ह’ उमटतो. समाजाला प्रत्यय लागून विशेषण झाले की शब्द जोडून लिहावा : ब्राह्मसमाजी, आर्यसमाजी. आणि मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण फोनची आपोआप दुरुस्ती ‘ब्राह्म समाज’चे ‘ब्राह्मण समाज’ करून टाकू शकते.