बारावीला ९५ टक्के आणि एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १५४० असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीला बीएससाठी ॲडमिशन मिळेल का?

खरं सांगू, मार्क छान आहेत पण एवढ्यावर धरून चालू नका. एमआयटीच्या पहिल्या वर्षाला साधारण ११०० मुलं घेतात, त्यात बाहेरच्या देशांतली जेमतेम दहा-अकरा टक्के, म्हणजे अख्ख्या जगातून शे-सव्वाशे, आणि अर्ज करणारे बहुतेक सगळेच तुमच्याएवढे मार्कवाले असतात. तिथे मग बघतात की मुलाने स्वतःहून काय केलंय. माझ्या मावसभावाने गावातल्या विहिरीची पाणीपातळी मोजायला सेन्सर बनवला होता, तो तीनदा बिघडला, तीनदा दुरुस्त केला, ते सगळं त्याने अर्जासोबतच्या निबंधात जसंच्या तसं लिहिलं आणि त्याला एका चांगल्या कॉलेजात जागा मिळाली.

पैशाचं मात्र आधी बघा हं. एमआयटी परदेशी मुलांचीही ऐपत न बघता निवड करते आणि गरजेप्रमाणे पूर्ण मदत देते, पण पर्ड्यू, इलिनॉय असल्या तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत परदेशी मुलांना गरजेवर मदत जवळजवळ नसतेच, आणि इलिनॉयला कॉम्प्युटर सायन्स मिळणं तर फारच अवघड. त्यामुळे यादीत घरच्यांना खरंच परवडतील अशी दोन-तीन कॉलेजं नक्की ठेवा, आणि जेईईचा अभ्यास सोडू नका.